मुंबईच्या टाउनातल्या मोठ्या हॉटेलात मुक्काम: मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिव, संभाजीनगर इकडून मुंबईला जाणारा माणूस पूर्वी एकतर नातेवाइकाकडं उतरायचा, नाहीतर ओळखीनं आमदार निवासात. आता तसं राहिलेलं नाही. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, मुलीला नोकरी लागली, सोयाबीनचे चार पैसे हातात आले, की लोक म्हणतात, एक रात्र तरी टाउनात, म्हणजे दक्षिण मुंबईत, गेटवेजवळ किंवा मरीन ड्राइव्हला चांगल्या हॉटेलात राहू. तिकिटं आणि खोल्या काढून देण्याचं काम करताना माझ्याकडं अशा कुटुंबांचे फोन सतत येतात. भाड्याची तयारी झालेली असते, अडतं ते दुसरीकडंच. तिथं कसं वागायचं, काय मागितलेलं चालतं, बिलात काय लागतं, हे माहीत नसल्यानं पैसे भरूनही माणसं दबकून राहतात. मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आला, तेव्हापासून ही राजधानी आपलीही आहे. तिथल्या चांगल्या हॉटेलात आपण बिचकत का राहावं? म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

हॉटेल गेटवेकडचं घ्यावं की मरीन ड्राइव्हचं?

आधी कशासाठी जाताय ते ठरवा.

कुलाब्यात, अपोलो बंदरावर ताजमहाल पॅलेस आहे. ते 16 डिसेंबर 1903 ला सुरू झालं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया 1924 साली खुलं झालं, म्हणजे हॉटेल आधीचं आणि गेटवे नंतरचं. या इमारतीच्या मूळ आराखड्यावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी काम केलं. वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज माणसानं ते पूर्ण केलं. तिथं दोन भाग आहेत, जुना घुमटाचा महाल आणि 1970 च्या दशकातला उंच टॉवर. दोन्हींच्या भाड्यात फरक असतो. जुन्या जिन्यासाठी, कमानींसाठी जाणार असाल तर खोली कोणत्या इमारतीत आहे हे आरक्षणाआधीच विचारा. अनेकांना हे तिथं गेल्यावर कळतं आणि मग हळहळ होते.

नरिमन पॉइंटला ओबेरॉय आणि ट्रायडंट ही शेजारी-शेजारी उभी असलेली उंच हॉटेलं आहेत. तिथून मंत्रालय आणि विधानभवन जवळ पडतं, आणि रात्री वरच्या मजल्यावरून मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची माळ दिसते. सीएसएमटी आणि हुतात्मा चौकाच्या मधल्या फोर्ट भागात जुन्या इमारतींमधली थोडी लहान, पण देखणी हॉटेलं आहेत. समुद्र दिसत नाही, पण पायी फिरायला तो भाग सगळ्यात चांगला.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताना, त्यातही आई-वडील बरोबर असतील तर, कुलाबा. मंत्रालयातलं काम आणि मुक्काम एकत्र करायचा असेल तर नरिमन पॉइंट.

समुद्राकडची खोली घेताना दिशा लक्षात ठेवा. गेटवेकडचा समुद्र पूर्वेला आहे, तिथं खिडकीतून सूर्योदय दिसतो. मरीन ड्राइव्हचा समुद्र पश्चिमेला, तिथं सूर्यास्त. शेताच्या सवयीनं पहाटे उठणाऱ्यांना पूर्वेची खिडकी जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे. ‘पार्शियल सी व्ह्यू’ लिहिलं असेल तर समुद्राची कड दिसेल एवढंच समजा.

भाडं एक सांगतात आणि बिल दुसरंच येतं. असं का?

जीएसटीमुळं. 22 सप्टेंबर 2025 पासून एका खोलीचं एका दिवसाचं भाडं 7500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के कर लागतो. 7500 च्या वर गेलं की 18 टक्के. पूर्वी खालच्या टप्प्याला 12 टक्के होते, त्यामुळं आता दोन टप्प्यांतली दरी जास्त वाढली आहे.

ही दरी आकड्यात बघा. 7400 ची खोली घेतली तर कर 370, एकूण 7770. तीच 7600 ला घेतली तर कर 1368, एकूण 8968. भाड्यात फरक 200 चा आणि खिशातून जाताना 1198 चा. म्हणून भाडं या हद्दीच्या आसपास असेल तर घासाघीस जरूर करा. कर तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावर ठरतो, खोलीच्या दरपत्रकातल्या आकड्यावर नाही. सवलत मिळून भाडं 7500 च्या आत आलं तर कर 5 टक्केच.

मोठ्या हॉटेलात तुम्ही बहुतेक वेळा 7500 च्या वरच असणार. अशा हॉटेलांतल्या रेस्टॉरंटच्या जेवणावरही बहुतेक ठिकाणी 18 टक्के लागतात. 2000 चं जेवण झालं तर 360 कर. बाहेरच्या साध्या हॉटेलात हेच 5 टक्के असतात. मेनूकार्डावरचा आकडा करासकट आहे की कर सोडून, हे ऑर्डर देतानाच विचारा. फोनवर भाडं विचारताना तर एकच वाक्य धरून ठेवा: “टॅक्स धरून एकूण किती?”

स्वस्तात कधी मिळतं?

पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर दर उतरलेले असतात, आणि मरीन ड्राइव्हचा खरा समुद्र तेव्हाच बघावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लग्नसराई आणि 31 डिसेंबर हा सगळ्यात महाग काळ. नरिमन पॉइंटची हॉटेलं कंपन्यांच्या माणसांवर चालतात, त्यामुळं तिथं शनिवार-रविवारी बऱ्याचदा दर खाली येतो.

आरक्षणाच्या कागदावर ईपी, सीपी असं लिहिलेलं असतं. ते काय?

ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाष्टा. मॅप म्हणजे नाष्टा आणि एक वेळचं जेवण, एपी म्हणजे नाष्टा आणि दोन्ही वेळचं जेवण. एका रात्रीसाठी सीपी घ्यावा. मोठ्या हॉटेलचा नाष्टा वेगळा घेतला तर माणशी भारी पडतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. नाष्टा मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. आज सकाळी सातला पोचलात तर आजचा नाष्टा त्यात धरलेला नसतो.

आमची गाडी सकाळी सातला पोचते आणि खोली दुपारी मिळणार म्हणतात. तोवर म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठं बसायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आपल्याकडच्या लोकांचा मुक्काम सगळ्यात जास्त इथंच बिघडतो. देवगिरी काय, लातूर एक्स्प्रेस काय, आपल्या रात्रीच्या गाड्या मुंबईत सकाळी सोडतात. मोठ्या हॉटेलांची चेक-इनची वेळ मात्र दुपारी दोन किंवा तीनची. मधल्या सहा-सात तासांत रात्रभर गाडीत आंबलेलं अंग, हातात बॅगा आणि बरोबर गुडघ्याचा त्रास असलेली आई. अशा वेळी लॉबीतला सोफा कितीही मऊ असला तरी जीव रमत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला, आरक्षण करतानाच लवकर चेक-इन मागा आणि आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून पुन्हा सांगा: “आम्ही सकाळी साडेसातला येतोय, बरोबर सत्तर वर्षांच्या आई आहेत.” खोली रिकामी असेल तर बरीच हॉटेलं देतात, काही अर्ध्या दिवसाचे पैसे घेतात. पण हे खोली उपलब्ध असण्यावर असतं, शब्द कुणी देत नाही. पक्की हमी हवी तर आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी लागते. ते महाग आहे, पण आजारी किंवा फार थकलेलं माणूस बरोबर असेल तर मी तेच सुचवतो.

दुसरा उपाय, बॅगा बेल डेस्कवर, म्हणजे पाहुण्यांचं सामान सांभाळणाऱ्यांच्या टेबलावर, ठेवून पावती घ्या. याचे पैसे लागत नाहीत. मग विचारा की आंघोळीची सोय कुठं होईल. पोहण्याच्या तलावाजवळ किंवा जिमजवळ शॉवरची खोली असते आणि आरक्षण असलेल्या पाहुण्यांना अनेक ठिकाणी ती वापरू देतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आंघोळ करून, कपडे बदलून बाहेर पडलं की दुपारपर्यंतचा वेळ फिरण्यात जातो.

तिसरा उपाय गाडीच बदलण्याचा, आणि मला तो सगळ्यात पटतो. जालन्याची वंदे भारत ऑगस्ट 2025 पासून नांदेडहून सुटते. ती नांदेडहून पहाटे निघून परभणी, जालना, संभाजीनगर करत दुपारी अडीचच्या सुमारास सीएसएमटीला येते. गाडीतून उतरायचं आणि थेट खोलीत जायचं. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सोलापूरची वंदे भारत सोयीची, ती सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघते आणि दुपारी एकच्या आत मुंबईत पोचते. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना वेळ तपासा. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं.

स्टेशनवरून हॉटेलपर्यंत कसं जायचं?

काळी-पिवळी टॅक्सी, मीटरनं. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, त्यामुळं शोधत बसू नका. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधानभवन अशी स्थानकं तिच्यावर आहेत आणि ती विमानतळालाही जोडलेली आहे. सामान कमी असेल तर उत्तम. तिकिटावर ‘एलटीटी’ (लोकमान्य टिळक टर्मिनस) असेल तर गाडी कुर्ल्याला थांबते, तिथून कुलाबा लांब आहे. विमानानं जाणाऱ्यांनी विमानतळाचं नाव नीट वाचावं, कारण आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.

स्वतःची गाडी घेऊन गेलो तर?

जालना, संभाजीनगरकडून समृद्धी महामार्ग आता थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जातो. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. आमणेपासून पुढं टाउनात पोचायला मात्र वेळ हाताशी ठेवा.

हॉटेलच्या दारात गाडी थांबली की माणूस चावी घेतो आणि गाडी लावून येतो. चावी देताना टोकन घ्या, डिकीतलं सामान आणि रोकड आधी काढा. पार्किंगला पैसे आहेत का, आणि ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याच्या झोपण्या-जेवणाची सोय कुठं होईल, हे दोन्ही आधी विचारा. ड्रायव्हरचा विचार शेवटी होतो आणि तो बिचारा रात्रभर गाडीत झोपतो. असं होऊ देऊ नका.

ओळखपत्र कोणतं लागतं?

आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅनकार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, फक्त कुटुंबप्रमुखाचं पुरत नाही. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून निघतं.

पूर्ण भाडं भरलं तरी काउंटरवर आणखी पैसे मागतात. फसवतात का?

नाही. ती अनामत असते. खोलीत जेवण मागवलं, कपडे धुवायला दिले, तर त्याची सोय म्हणून. क्रेडिट कार्ड असेल तर रक्कम फक्त अडकवून ठेवतात, कापत नाहीत. डेबिट कार्डावरून किंवा यूपीआयनं दिली तर पैसे खरोखर खात्यातून जातात आणि परत यायला काही दिवस लागू शकतात. परतीच्या तिकिटाचे किंवा दवाखान्याचे पैसे त्याच खात्यात असले तर पंचाईत होते. म्हणून अनामत किती आणि कशी देता येईल हे आधी फोनवर विचारा. “आम्ही खोलीतून काही मागवणार नाही, जे घेऊ त्याचे पैसे तिथल्या तिथं देऊ,” असं सांगितलं तर काही हॉटेलं अनामत कमी करतात.

बाजार समितीची पट्टी आल्यावर लोक रोख घेऊन जातात, त्यांच्यासाठी: एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाच घेता येत नाही. लग्नाचा मोठा कार्यक्रम ठेवला असेल तर हे ध्यानात असू द्या.

आमचे बापू धोतर-टोपीत असतात आणि माय नऊवारीत. आत सोडतील का?

सोडतील, आणि मानानं सोडतील. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यानं काय नेसावं याला बंधन नसतं. धोतर, फेटा, कोल्हापुरी पायताण, लुगडं, सगळं चालतं. पोहण्याच्या तलावात उतरायचं असेल तर पोहण्याचे कपडे लागतात, आणि काही बारमध्ये किंवा रात्रीच्या खास रेस्टॉरंटमध्ये चपला-हाफ पँट चालत नाही. एवढंच.

काउंटरवर मराठीतच सुरुवात करा. बेल डेस्क, हाउसकीपिंग (खोल्या आवरणारे), सुरक्षा यातलं कुणी ना कुणी मराठी बोलणारं भेटतंच, आणि काउंटरवरचा माणूस अडला तर तो त्यांना बोलावतो. आपण मोडक्या इंग्रजीत सुरू केलं की दोघांनाही नीट कळत नाही.

दारात बॅगा मशीनमधून काढतात. काय नेऊ नये?

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर टाउनातल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांत ही तपासणी होते. माणसाचीही होते. त्यात अपमान वाटून घेऊ नका, मंत्र्यांच्या बॅगाही तिथूनच जातात. अडकित्ता, चाकू, विळी असल्या वस्तू घरी ठेवा. आजीच्या चंचीतला पितळी अडकित्ता मशीनच्या पडद्यावर ठळक दिसतो. मग चंची उघडा, सुपारी दाखवा, समजावून सांगा, यात पाच-दहा मिनिटं जातात आणि आजी ओशाळते. सुपारी घरूनच कातरून डबीत घेतली की हा प्रश्न राहत नाही. तंबाखूबद्दल एकच सांगतो: खोल्या धूम्रपानमुक्त असतात आणि डाग पडला तर दंड बिलात येतो.

खोलीत गेल्यावर दिवेच लागत नाहीत. बाकी गोष्टी कशा वापरायच्या?

दाराजवळ भिंतीत एक खाच असते. दार उघडायचं कार्ड त्यात घातलं की दिवे, एसी सुरू होतात. बाहेर जाताना कार्ड काढलं की सगळं बंद. एका खोलीला दोन कार्डं मागून घ्या, म्हणजे एक जण बाहेर गेला तरी आत अंधार होत नाही.

न्हाणीघर नीट बघून घ्या, कारण घसरून पडण्याचा धोका तिथंच असतो. नळाला एकच दांडा असतो: वर उचलला की पाणी, डावीकडं फिरवला की गरम, उजवीकडं गार. गरम पाणी एकदम कढत येतं, म्हणून आधी हात लावून बघा, मग आईला आत पाठवा. बाथटबच्या काठावरून पाय टाकून आत जाणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. आरक्षण करतानाच “टब नको, सपाट शॉवरची खोली द्या” असं सांगा. बादली-मग, बसायला प्लास्टिकचं स्टूल, पायाखाली रबरी चटई हाउसकीपिंगला फोन केला की आणून देतात. हे मागायला लोक लाजतात. लाजू नका, त्या माणसांचं ते रोजचं काम आहे.

एसी गार वाटला तर भिंतीवरच्या पट्टीवर तापमान 25-26 करा आणि जादा ब्लँकेट मागा. खिडक्या बहुतेक उघडत नाहीत.

टेबलावरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, चहा-कॉफीच्या पुड्या, साबण, शाम्पू, चपला हे फुकट असतं. छोट्या फ्रिजमधलं थंड पेय, काजूची पाकिटं, चॉकलेट यांचे पैसे पडतात आणि ते बाहेरच्या कितीतरी पट असतात. लहान मुलं बरोबर असतील तर आल्या-आल्या तो फ्रिज रिकामा करून घ्या, हाउसकीपिंगवाले सामान घेऊन जातात. इस्त्री-धुलाईचा दर कपड्यागणिक असतो, कपाटातल्या पिशवीत दरपत्रक ठेवलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कपडे देऊ नका.

आई माळकरी आहे. तिच्या जेवणाचं काय?

बुफेत शाकाहारी पदार्थ वेगळे मांडतात आणि पाटी लावतात. पण माळकरी माणसाला स्वयंपाकघराचीच शंका असते, आणि ती शंका खोटी म्हणता येणार नाही. तिथं मांसाहारी जेवण शिजतं. जैन जेवण मागितलं तर बरीच हॉटेलं भांडी आणि ओटा वेगळा ठेवून करून देतात. कॅप्टनला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला, बोलावून स्पष्ट विचारा. एकादशी आली तर आदल्या दिवशी सांगा, साबुदाणा खिचडी किंवा वरीचा भात, दही, फळं याची सोय होऊ शकते. तरीही मन घेत नसेल तर बाहेर शुद्ध शाकाहारी जागा भरपूर आहेत. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाल्याकडं पुरी-भाजी, चर्चगेटला सम्राटमध्ये थाळी.

घरून आणलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी खोलीत खायला सहसा कुणी हरकत घेत नाही. रेस्टॉरंटमध्ये डबा उघडता येत नाही. खोलीत ताट-वाट्या आणि गार दही मागवा आणि निवांत जेवा. ठेचा-लसणाचा वास गालिच्यात बसतो, म्हणून डबा घट्ट बंद करून ठेवा. आपल्या नंतर दुसरं कुटुंब येणार असतं.

डोंबिवलीचा भाचा बायका-पोरांना घेऊन भेटायला येतो म्हणतोय. चालेल का?

लॉबीत किंवा कॉफी शॉपमध्ये खुशाल भेटा. खोलीत न्यायचं तर काउंटरवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते आणि रात्री उशिरापर्यंत थांबता येत नाही. आरक्षणात दोन माणसं असताना तिसरं झोपलं तर जादा गादीचे पैसे लागतात. लहान मुलांचं वय किती असलं की फुकट, हे हॉटेलागणिक वेगळं असतं.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटनं तो आपोआप बिलात जोडू नये, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. शांतपणे “हा काढून द्या” म्हणा. जीएसटी मात्र टाळता येत नाही, दोन्हीत गल्लत करू नका.

बक्षिसी ही तुमची मर्जी. मी म्हणेन, सामान उचलणाऱ्याला आणि खोली आवरणाऱ्या बाईंना हातात द्या. समोर नसणाऱ्या माणसाला कुणी देत नाही.

एका दिवसात पायी काय काय बघून होईल?

सीएसएमटीपासून सुरुवात करा. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेली ही इमारत 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. रोज लाखो माणसं तिच्या खालून पळतात, तुम्ही रस्त्याच्या पलीकडं थांबून वर बघा. दगडात कोरलेले प्राणी, पक्षी, पानं दिसतील. वेरूळ-अजिंठा ज्यांच्या अंगणात आहे त्यांची नजर दगडी कामावर लगेच ठरते.

तिथून हुतात्मा चौक. मुलांना सांगा की मुंबईसह महाराष्ट्रासाठी माणसं इथं गोळ्या झेलून गेली. पुढं ओव्हल मैदान. त्याच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर या टोकदार कमानींच्या जुन्या इमारती, दुसऱ्या बाजूला 1930 च्या दशकातल्या गोलाईच्या बाल्कन्यांच्या इमारती. या दोन्ही रांगा मिळून 2018 साली वारसा यादीत गेल्या. नंतर काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शेवटी गेटवे.

घारापुरीच्या लेण्यांची बोट गेटवेहूनच सुटते, सोमवारी लेणी बंद असतात. वेरूळचं कैलास पाहिलेल्यांनी घारापुरीची त्रिमुखी महेशमूर्ती जरूर बघावी. बेटावर पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी हॉटेलच्या खिडकीतच बसावं.

मुक्काम परवडत नाही, पण आत जाऊन बघायचंय. जमेल?

जमेल. ताजच्या पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, खिडकीतून गेटवे दिसतं. तिथं चहा घ्यायला मुक्कामाचं आरक्षण लागत नाही. टेबल मात्र आधी फोन करून ठेवा. चहा-नाष्टाही महागच असतो, पण खोलीच्या भाड्याच्या मानानं फारच कमी, आणि आई-वडिलांसाठी ही दुपारही मोठी असते.

इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर पैसे पाठवू का?

पाठवू नका. मोठ्या हॉटेलांच्या नावानं खोटी पानं आणि खोटे नंबर फिरत असतात. निम्म्या दरात खोली आणि “लगेच क्यूआरवर पाठवा” असं म्हणणारा माणूस भेटला की तिथंच थांबा. हॉटेलच्या अधिकृत पानावरचा 022 नं सुरू होणारा नंबर लावा, आरक्षण क्रमांक सांगा आणि तो त्यांच्याकडं नोंदलेला आहे का ते विचारून घ्या. पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब तक्रार करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

तिकीट वेटिंगवर आहे. खोली रद्द होते का?

दर दोन प्रकारचे असतात. एक थोडा स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे बुडाले. दुसरा थोडा महाग, ठरावीक तारखेपर्यंत फुकट रद्द. वेटिंग तिकिटावर दुसराच घ्या. चार्ट आता गाडीच्या कित्येक तास आधी लागतो, पण हॉटेलची रद्द करण्याची मुदत त्याआधीच संपलेली असू शकते. दोन्ही वेळा कागदावर शेजारी-शेजारी लिहा.

परतीची गाडी रात्रीची आहे. खोली तर दुपारी सोडायची?

चेक-आउट साधारण बारापर्यंत असतं, काही ठिकाणी अकरा. बॅगा पुन्हा बेल डेस्कवर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत फिरा. नांदेडच्या वंदे भारतनं परतणार असाल तर ती सीएसएमटीहून दुपारी एकच्या सुमारास सुटते. मग अकराला खोली सोडून निवांत स्टेशन गाठता येतं.

निघायच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागा आणि सावकाश वाचा, सकाळी काउंटरवर गर्दी असते. तिजोरी, गादीखालची पिशवी, न्हाणीघरातली कवळी, चार्जर एवढं बघून मग दार ओढा. काही राहिलंच तर खोली क्रमांक आणि तारीख सांगून फोन करा. सापडलेल्या वस्तूंची नोंद हाउसकीपिंगकडं असते आणि कुरिअरचा खर्च तुम्ही दिला तर गावाच्या पत्त्यावर पाठवतात.